हस्तक्षेपाची किंमत कोण मोजतो?

२० मार्च २००३ च्या पहाटे बगदादवर अमेरिकेची क्षेपणास्त्रे कोसळू लागली. या आक्रमणाला नाव देण्यात आले होते, इराकी स्वातंत्र्याची मोहीम! त्याच्या सहा आठवडे आधी, ५ फेब्रुवारीला, अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत इराककडील सर्वसंहारक शस्त्रास्त्रांचे 'पुरावे' सादर केले होते. परिषदेने युद्धाला संमती दिली नाही, तरीही युद्ध झाले. पुढे २००४ साली अमेरिकेने नेमलेल्या तपास पथकानेच असे साठे इराकमध्ये नव्हते, असा निर्वाळा दिला. एका सार्वभौम राष्ट्रावर चढाई करण्याचे जे कारण जगाला सांगितले गेले, तेच खोटे निघाले.

सद्दाम हुसेन यांच्याविषयी कोणाही विवेकी माणसाला सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. मार्च १९८८ मध्ये हलब्जा गावावर विषारी वायू सोडून त्यांच्या राजवटीने हजारो कुर्दांचे प्राण घेतले. परंतु त्या काळात, इराणविरुद्धच्या युद्धात, अमेरिका सद्दाम यांच्याच पाठीशी उभी होती. डिसेंबर १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांचे दूत म्हणून बगदादला जाऊन सद्दाम यांच्याशी हस्तांदोलन करणारे डोनाल्ड रम्सफेल्ड हेच २००३ च्या आक्रमणाच्या वेळी अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. जुलमी राज्यकर्ता तोच होता; बदलली होती ती अमेरिकेची गरज.

मानवतेचा कळवळा हे हस्तक्षेपाचे खरे कारण असेल, तर तो सर्वत्र सारखा दिसला पाहिजे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराने कत्तली आरंभल्या आणि हिंदूंना वेचून लक्ष्य केले. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिलमध्ये आपल्याच सरकारच्या मौनाचा लेखी निषेध केला. निक्सन यांनी ब्लड यांना तेथून हलवले आणि डिसेंबरमध्ये 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली, तीही मरणाऱ्यांच्या रक्षणासाठी नव्हे. १९९४ साली रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे कापली गेली. त्या वेळी जगातील सर्वांत बलाढ्य सैन्य बराकीतच राहिले. चार वर्षांनी अध्यक्ष क्लिंटन यांनी किगाली येथे जाऊन खेद व्यक्त केला. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

अमेरिकेचे समर्थक यावर एक युक्तिवाद करतात. हेतू शुद्ध नसेल, पण एक क्रूर राजवट तर संपली ना? हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. म्हणूनच नंतर काय घडले, हे पाहणे आवश्यक ठरते. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकचे सैन्य एका आदेशाने बरखास्त केले. लाखो प्रशिक्षित माणसे बेकार होऊन रस्त्यावर आली आणि त्यांतील अनेकांनी पुढे बंडखोरांची वाट धरली. २००४ साली अबू घरैब तुरुंगातील छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि मुक्तिदात्याचा मुखवटा गळून पडला. यादवीत एक लाखाहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी सैन्य परतले. अडीच वर्षांत मोसुल 'इस्लामिक स्टेट'च्या हाती पडले. सिंजारच्या यझिदी स्त्रियांचे बाजार मांडले गेले. पोटासाठी मोसुलला गेलेल्या ३९ भारतीय कामगारांचे अपहरण झाले आणि ते सारे मारले गेल्याचे मार्च २०१८ मध्ये स्पष्ट झाले. पंजाब, हिमाचल, बिहार आणि बंगालमधील या गरीब घरांनी वॉशिंग्टनचे काय घोडे मारले होते?

हस्तक्षेपाच्या नीतीचा खरा प्रश्न येथे आहे. निर्णय एक घेतो आणि किंमत दुसरा मोजतो. सुमारे साडेचार हजार अमेरिकी तरुण इराकमध्ये कामी आले. ज्यांनी त्यांना तेथे पाठवले, त्यांच्यापैकी कोणालाही जाब द्यावा लागला नाही. २०११ साली लिबियात हेच घडले. अफगाणिस्तानात वीस वर्षे घालवून ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पुन्हा तालिबानच्या स्वाधीन झाले.

मग परक्या भूमीवर सैन्य नेणे नेहमीच अनैतिक असते काय? तसे म्हणता येणार नाही. १९७१ साली भारतानेही सैन्य पाठवले. त्यात आपले राष्ट्रहित होते, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार भारत प्रत्यक्ष सोसत होता. आधी अनेक महिने राजनैतिक प्रयत्न झाले. ज्यांच्या बाजूने आपण उभे राहिलो, त्यांना १९७० च्या निवडणुकीत जनतेनेच कौल दिला होता. १६ डिसेंबरला ढाका मुक्त झाले आणि मार्च १९७२ पर्यंत आपले सैन्य माघारी आले. लंका जिंकून ती बिभीषणाच्या स्वाधीन करणाऱ्या आणि अयोध्येला परतणाऱ्या श्रीरामांचा आदर्श भारतीय मनाला अपरिचित नाही.

२००३ साली आपलीही परीक्षा झाली. एप्रिलमध्ये संसदेने इराकवरील आक्रमणाची निंदा करणारा ठराव संमत केला. त्यानंतर अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्य मागितले. महासत्तेशी मैत्री दृढ करण्याची ही संधी आहे, दहशतवादाचा शत्रू तो आपला मित्र, असे म्हणणारे आपल्याकडेही कमी नव्हते. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने जुलैमध्ये नकार दिला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्पष्ट आदेशाविना आपले जवान जाणार नाहीत, ही ती भूमिका होती. आज मोसुल आणि फालुजाचा इतिहास समोर ठेवला, तर त्या निर्णयाने किती मातांचे अश्रू वाचले, याची कल्पना येते. अमेरिकेशी असलेली मैत्रीही त्यामुळे तुटली नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर अमेरिकी विमानांनी बॉम्बफेक केली, तेव्हा जुनीच भाषा नव्याने ऐकू आली. भारताचे सामर्थ्य जसजसे वाढेल, तसतसा असा आग्रह आपल्यालाही होत राहील. उद्या कदाचित स्वतःच्या बळावर असे निर्णय घेण्याचा मोहही होईल. त्या वेळी तीन प्रश्न विचारावे लागतील. सांगितलेले कारण खरे आहे काय? ज्यांच्या नावाने शस्त्र उचलायचे, त्यांना ते हवे आहे काय? आणि विजयानंतर त्या भूमीचे जे होईल, त्याचे उत्तरदायित्व घेण्याची आपली तयारी आहे काय? सामर्थ्य तर हवेच. दुर्बळाच्या नीतीला जगात कोणी विचारत नाही. परंतु आपल्या निर्णयाची किंमत दुसऱ्याच्या लेकरांकडून वसूल करणारे सामर्थ्य भारताला नको.