रवाळ तुपाचा ज्वालामुखी

परवा एका विद्वानांनी भर सभेत ठणकावलं: अमेरिकेतल्या यलोस्टोन ज्वालामुखीखाली शिलारस असल्याचे सगळे तर्कच, पाहिलाय कुणी? आणि लगेच पुढे, स्फोटाची मुदतही उलटून गेली आहे! शिलारस कुणी पाहिला नाही, पण तो कधी फुटायला हवा होता हे यांना पाठ.

मुदतीचं थोडक्यात उरकतो. महास्फोट झाले 21 लाख, 13 लाख आणि 6.4 लाख वर्षांपूर्वी. एवढ्यावरून एसटीचंही वेळापत्रक लागत नाही.

'पाहिलाय कुणी' हा मात्र माझा जुना वैरी. बोअर मारण्याआधी पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला की याच मंडळींना भूगर्भ लख्ख दिसतो. मी बोललो तर पाण्याऐवजी मीच आटावा अशी अपेक्षा. असो. न पाहता कळतं कसं, तर यलोस्टोनच्या परिसरात वर्षाला साधारण 1500 ते 2500 भूकंप नोंदले जातात, बहुतेक कुणाला जाणवतही नाहीत. वितळलेला खडक वाटेत आला की त्यांच्या लहरी मंदावतात, दुय्यम लहरी तर निव्वळ द्रवातून जातच नाहीत. कुठली लहर किती उशिरा पोचली, हे शेकडो वाटांनी ताडून पाहिलं की खालचा साठा आकार घेतो. तेवढ्यावर न थांबता संशोधकांनी भूकंपाची वाट न पाहणारा ट्रकही नेला: रात्री रस्त्याकडेला उभा करायचा, पोटाखालची जड पाटी जमिनीवर दाबून थरथरवायची आणि सहाशेहून जास्त यंत्रांनी खालून येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. साठ्याचं छत निघालं 3.8 किलोमीटरवर.

आणि आत काय? 2022 च्या अभ्यासानुसार वरच्या साठ्यात वितळलेला भाग 16 ते 20 टक्के. म्हणजे थंडीत बसलेलं रवाळ तूप. दाणेच फार, मधे थोडं पातळ. सभेत पडद्यावर रटरटणारी लाल कढई कुणी पाहिली होती, ते विचारायचं राहून गेलं.

खणून पाहा म्हणतात. आइसलँडमध्ये क्राफ्लाला 2009 मध्ये 2.1 किलोमीटरवर ड्रिल थेट शिलारसात घुसलं. तो तिथे असेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती, हे कबूल. म्हणून तर एकट्या लहरींवर कुणी विसंबत नाही. खडकाची विद्युतवाहकता मोजतात, जीपीएसने जमिनीची उंची मोजतात. 2004 ते 2010 मध्ये यलोस्टोनची जमीन पाव मीटरच्या आसपास फुगली, नंतर पुन्हा बसू लागली.

तरीही डोळ्यांनीच पाहायचं असेल, तर जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीला जा. सुमात्राच्या टोबा या अशाच महाज्वालामुखीची राख तिथे हाताने उचलता येते. ती 74 हजार वर्षांपूर्वीची की त्याहून फार जुनी, यावर अभ्यासक अजून भांडताहेत.