अकरावीचं गणित इंजिनिअरिंगच्या वर्गात शिकवा

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की होस्टेलच्या जिन्यात एकच वाक्य ऐकू येतं, ‘एम-वन उडाला.’ काय जड गेलं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: पार्शल डेरिव्हेटिव्ह, ऑयलरचं प्रमेय, टेलर सिरीज. नावंच अशी आहेत की कुणालाही पटावं.

मी हे पेपर तपासतो. पार्शल डेरिव्हेटिव्हची पायरी बऱ्याच जणांची बरोबर असते. गाडी घसरते ती त्याच्या आधी. लॉग ऑफ ‘एक्स वर्ग अधिक वाय वर्ग’ असं दिलेलं असतं आणि पोरगा बिनधास्त लिहितो, ‘लॉग एक्स वर्ग अधिक लॉग वाय वर्ग’. झालं. पुढची दीड पानं नीटनेटकी, रेघा मारलेली आणि पूर्ण चूक.

याच रोगाचा दुसरा अवतार म्हणजे साइनच्या कंसातली बेरीज फोडणं. साइन ३०° म्हणजे ०.५, साइन ६०° म्हणजे ०.८६६. बेरीज १.३६६. साइन ९०° मात्र १, आणि साइन १ च्या वर कधी जातच नाही. लॉग २ आणि लॉग ३ यांची बेरीज ०.७७८१ येते. लॉग ५ आहे ०.६९९०. ते ०.७७८१ म्हणजे लॉग ६. मोबाइलवर अर्ध्या मिनिटात तपासता येईल अशी ही गोष्ट पोरांनी तपासलेली नसते, कारण तपासायचं काही आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांच्या लेखी ‘साइन’ आणि ‘लॉग’ म्हणजे कंसाबाहेर उभे असलेले दोन आकडे, कंसात गुणून टाकायचे. फंक्शन म्हणजे एक आकडा आत घेऊन दुसरा बाहेर देणारा नियम, एवढं एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचलेलं नाही. हे वाक्य नसेल तर कॅल्क्युलस उभाच राहत नाही. अमेरिकेत या मजकुराला स्वतंत्र नाव आहे, प्रीकॅल्क्युलस. तिथल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला तो क्रेडिट देऊन शिकवतात.

आपल्याकडे तो मजकूर नाही असं नाही. बालभारतीचं अकरावीचं गणित उघडा: कोनमापन, त्रिकोणमिती, रेषा, वर्तुळ, शंकूच्छेद, श्रेढी, संच, फलनं, मग लिमिट, कंटिन्युइटी आणि शेवटी डिफरन्सिएशन. दोन भागांचं, बऱ्यापैकी चांगलं पुस्तक आहे. भानगड अशी की ते वर्षच शिकवलं जात नाही.

प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळाभर चालतात. परीक्षा कॉलेजनेच घ्यायची, बोर्डाचा संबंध नाही, म्हणून नापास कुणाला करायचं नसतं. क्लासवाल्यांचा हिशोब आणखी सरळ आहे. एमएचटी-सीईटीच्या गणितात ५० प्रश्न, त्यातले ४० बारावीचे आणि १० अकरावीचे, तेही निवडक धड्यांवर. मग अकरावी कशाला घासायची? दिवाळीनंतर बारावी सुरू. सगळं फलन एका रविवारी, ‘फॉर्म्युला शीट’वर.

त्यात वेळापत्रकाचा एक विनोद आहे. अकरावीच्या फिजिक्सचा दुसराच धडा ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’. तिथे व्हेक्टर येतात, डेरिव्हेटिव्ह येतो, इंटिग्रेशनही येतं. गणिताच्या पुस्तकात डिफरन्सिएशन आहे दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी. म्हणजे फिजिक्सचे सर म्हणतात, ‘हे तुम्हाला गणितात येईल,’ आणि गणिताचे सर मार्चमध्ये म्हणतात, ‘हे तुमचं फिजिक्समध्ये झालंय.’ लॉगचंही तेच. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे केमिस्ट्रीची गणितं सोडवायला ते उघडायची सवय सगळ्यांना लागते. ते पाहायचं कसं हे सगळ्यांना येतं. ते काय आहे, हे विचारून बघा.

सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. क्लास आणि कॉलेज यांच्या ‘टाय-अप’ला चाप बसावा म्हणून २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. मशीन अंगठा ओळखतं, मान्य. वर्गात कुणी शिकवलं का हे त्याला कसं कळणार?

मराठी माध्यमातून आलेल्यांचा तोटा दुहेरी आहे, आणि मला त्याचा जास्त राग येतो. दहावीपर्यंत ज्याने वर्तुळाची जीवा काढली, तो अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतो आणि साइन हा परका शब्द म्हणून पाठ करतो. खरं तर साइन ही त्याच्याच घरातली लेक. आर्यभटाच्या परंपरेत अर्ध्या जीवेचे तक्ते करत, त्यांना ज्या किंवा जीवा म्हणत. अरबीत त्याचं ‘जिबा’ झालं. अरबी लिपीत स्वर लिहीत नसल्याने पुढे कुणी ते ‘जैब’ वाचलं. जैब म्हणजे अंगरख्याची घडी. हिंदीतली ‘जेब’ त्यातूनच आली. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी घडीसाठी ‘सायनस’ शब्द घातला आणि त्याचा साइन झाला. ही गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि वर्तुळात अर्धी जीवा काढून दाखवली की साइन १ च्या वर का जात नाही तेही दिसतं. ही पाच मिनिटं त्या वर्षात कुणाकडे नसतात. पोरगं मात्र समजतं की आपलं डोकंच गणिताचं नाही. पुढची चार वर्षं ते हेच समजत राहतं.

यावर उपाय म्हणून काय चालतं? २०२१ मध्ये एआयसीटीईने बारावीला गणित नसलं तरी इंजिनिअरिंगला प्रवेशाची वाट मोकळी केली, आणि उणीव ब्रिज कोर्सने भरून काढा म्हटलं. टीका झाल्यावर राज्यांवर सक्ती नाही, अशी सारवासारव झाली. ब्रिज कोर्स म्हणजे प्रत्यक्षात काय, हे ज्याने केलाय त्याला विचारा: इंडक्शनच्या गडबडीत आठ-दहा लेक्चरं, परीक्षा नाही, मार्क नाहीत, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. दोन वर्षांचा खड्डा दहा तासांत बुजत नाही, आणि ज्याला मार्क नाहीत त्याला आपल्याकडे हजेरीही नसते.

माझी मागणी साधी आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला फलनं, त्रिकोणमिती, लॉग आणि लिमिट यांचा पूर्ण विषय ठेवा. साधारण १६० क्रेडिटच्या पदवीत चार क्रेडिट त्याला द्या आणि एम-वन दुसऱ्या सेमिस्टरला ढकला. ज्यांना हे येतं त्यांनी सुरुवातीला परीक्षा द्यावी आणि सुटावं.

‘दर्जा घसरेल’ ही ओरड होणारच. लॉगचा आलेख काढता न येणारा मुलगा लाप्लास ट्रान्सफॉर्मचा तक्ता पाठ करून पास होतो, तो कुठला दर्जा? ‘यूट्यूबवर सगळं आहे’ हेही ऐकतो. आहेच, आणि मी स्वतः पोरांना लिंका पाठवतो. पण आपल्याला नेमकं काय येत नाही, हे त्या पोराला कोण सांगणार? ते वही बघणाऱ्या माणसालाच कळतं. आणि तो माणूस आज तासिका तत्त्वावर तीन कॉलेजं फिरत असतो, हा या मागणीतला महागडा भाग. त्याला पूर्ण पगार द्यावा लागेल. कॉलेजं नकार देतील ते बहुधा इथेच, अभ्यासक्रमावर नाही.

परीक्षाही बदलावी लागेल. एखादा धडा ‘ऑप्शनला टाकता’ येईल असा पेपर नको. पहिला प्रश्न असा असावा: मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर साइन ०.१ काढून त्याला ०.१ ने भागलं. रेडियनमध्ये जवळपास १ आलं, अंशांमध्ये ०.०१७४५ आलं. फरक का पडला, आणि कॅल्क्युलसला यातलं कोणतं लागतं? उत्तर मराठीत लिहिलं तरी चालेल.