जे. जे. हुकलं, टाइपरायटर मिळाला! ऑफिसच्या सामानातली कला निव्वळ ‘टाइमपास’ आहे का?

निवृत्त होणाऱ्या एका कर्मचाऱ्याला बँकेने त्याचा रोजचा टाइपरायटर एक रुपयात देऊन टाकला. बँक होती युनियन बँक ऑफ इंडिया आणि कर्मचारी मुंबईचे चंद्रकांत भिडे. त्या एका रुपयाविषयी चाकण-राजगुरुनगर पट्ट्यातल्या कंपन्यांनी थोडा विचार करावा, असं मला वाटतं.

भिडे यांना सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायचं होतं. घरची परिस्थिती बेताची होती, त्यामुळे टायपिंग-शॉर्टहँड शिकून ते १९६७मध्ये बँकेत लागले. एकदा साहेबांनी इंटरकॉम नंबरांची यादी टाइप करायला सांगितली. भिडेंनी ती टेलिफोनच्या आकारात टाइप करून दिली. पुढे याच यंत्रावर गणपती आला, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आला, मारिओ मिरांडांची पात्रं आली, नामवंतांची व्यक्तिचित्रं आली. प्रदर्शनंही भरली.

अक्षरांतून चेहरा कसा उमटतो?

टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. ‘आय’ असो की ‘डब्ल्यू’, चौकट तेवढीच. म्हणजे कागद आधीच एक आलेख असतो. पूर्णविराम टाइप केला तर चौकट जवळपास कोरी राहते. ‘एक्स’ किंवा ‘ॲट द रेट’चं चिन्ह मारलं तर ती गडद होते. त्याच जागी दुसरं अक्षर ठोकलं की आणखी काळी. गालावर टिंबं, केसांत ‘एक्स’. मोबाइलच्या स्क्रीनवरचा फोटो पिक्सेलने बनतो, तसंच हे. फक्त इथे प्रत्येक पिक्सेल बोटाने ठोकायचा आणि ‘अनडू’ नाही. चुकीचं एक अक्षर पडलं की सगळा कागद गेला.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्लोरा स्टेसी यांनी १८९८मध्ये टाइपरायटरवर फुलपाखरू काढलं होतं. अमेरिकेतल्या पॉल स्मिथ यांना सेरेब्रल पाल्सी होती, हातात ब्रश धरणं कठीण. त्यांनी मोजक्या चिन्हांवर आयुष्यभर चित्रं केली.

राजगुरुनगरसारख्या (आमच्याकडचे जुने लोक अजून खेडच म्हणतात) तालुक्याच्या गावांत एके काळी टायपिंगची परीक्षा म्हणजे नोकरीचं तिकीट होतं. आता ती परीक्षा कॉम्प्युटरवर होते आणि गोदरेजने टाइपरायटर बनवणंही बंद केलंय. पण साधन बदललं म्हणून गोष्ट संपत नाही. जपानचे तात्सुओ होरिउची निवृत्तीच्या सुमारास चित्रकलेकडे वळले. चित्रकलेचं सॉफ्टवेअर महाग वाटलं आणि एक्सेल कॉम्प्युटरमध्ये आधीच होतं, म्हणून त्यांनी एक्सेलमध्येच रेषांवर रेषा चढवून डोंगर, झाडं, चेरीचा बहर रंगवला. आपण ज्या एक्सेलमध्ये रोज प्रॉडक्शन रिपोर्ट भरतो, तेच हे एक्सेल.

भिडे आणि होरिउची दोघांनाही कलेचं साहित्य सहज मिळालं नाही, समोर ऑफिसचं सामान होतं. माझ्या मते या कलेचं खरं कारण इथे आहे. आपल्याकडे शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा होतात. इंटरमीजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. मग सायन्स, डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग आणि चाकण एमआयडीसी. मी स्वतः इंजिनीअरिंगच्या रांगेतूनच आलोय. वर्कशॉपच्या जर्नलच्या मागच्या पानांवर काय काय निघायचं ते पाहिलंय. राजगुरुनगरहून शिफ्टला निघालेल्या बसमध्ये इंटरमीजिएट पास झालेले किती जण असतील, हे कुठल्याही एचआरच्या फॉर्मवर विचारलं जात नाही.

मग कंपनी करते काय? वर्षातून एकदा ‘बेस्ट फ्रॉम वेस्ट’ स्पर्धा, तीन बक्षिसं, ग्रुप फोटो. वाईट काही नाही त्यात. पण भिडेंना कुणी थीम दिली नव्हती.

कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या सामानावर?

हा आक्षेप रास्त आहे. कोरा ए-फोरचा गठ्ठा घरी नेणं ही चोरीच, तिला कला म्हणून सूट नको. पण भिडेंच्या त्या टेलिफोनचं एक वैशिष्ट्य विसरू नका : ती यादी यादी म्हणूनही कामाची होती. काम झालं आणि चित्रही झालं.

आणि सामानाचा प्रश्न तर कारखान्यांनीच सोडवून ठेवलाय. ‘फाइव्ह एस’ पाळणाऱ्या कंपन्यांत नको असलेल्या वस्तूला लाल टॅग लागतो, ती एका कोपऱ्यात जाते आणि पुढे भंगारवाल्याकडे. बंद पडलेले कीबोर्ड, गंजलेले पंच, जुने रबरी शिक्के, एका बाजूने छापलेले कागद. टेम्पो भरण्याआधी एक दिवस हा कोपरा कामगारांसाठी उघडा ठेवा. कंत्राटी मुलांसाठीसुद्धा. गेटपासवर रक्कम लिहावीच लागत असेल, तर एक रुपया लिहा. गोपनीय कागद आणि हार्ड डिस्क वगळणं हे आयटीवाल्याचं अर्ध्या तासाचं काम आहे.

सुरुवात चिकट नोट्सपासूनही होते. त्या मुळात एका फसलेल्या प्रयोगातून आल्या : थ्रीएम कंपनीत १९६८मध्ये स्पेन्सर सिल्व्हर मजबूत गोंद शोधत होते, सापडला तो पटकन सुटणारा. नेहमीची नोट ७६ मिलिमीटर चौरस असते. वीस आडव्या, वीस उभ्या म्हणजे चारशे नोट्स, शंभराचे चार पॅड. दीड मीटरच्या भिंतीवर एक ओळखू येणारा चेहरा बसतो. आधी एक्सेलमध्ये वीस बाय वीसचे चौकोन रंगवून बघा. आणि नोट्स लावण्याआधी भिंत पुसून घ्या. धुळीवर त्या टिकत नाहीत, आणि चाकणला धुळीची काही कमी नाही.