सशाला कोबीची पाने पुरत नाहीत



‘ससा पाळणे सोपे’ हे पत्र वाचले. पिंजरा आणि भाजीवाल्याकडची उरलेली पाने एवढ्यावर ससा जगतो, हे पटले नाही. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजायला आणि आतडी चालू राहायला वाळलेले गवत हवेच. आपल्याकडच्या पावसात त्याला बुरशी धरते. तेव्हा आगोटीच्या बेगमीतच सशाच्या गवताचा भारा माळ्यावर चढवावा.

प्रवासाबद्दल तर चकार शब्द नाही. सशाने दहा-बारा तास तोंड लावले नाही, की दवाखाना गाठावा लागतो. सशांचा जाणकार डॉक्टर शोधत आंबा घाटातून कोल्हापूर गाठायचे तर सुमारे १३० किलोमीटर. (कुत्र्याला चालणारे अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेले तर जिवावर बेतते.) अंगाला घाम नाही, त्यामुळे मे महिन्यात कापडी पिशवी किंवा गाडीची डिकी म्हणजे भट्टीच. आंब्याचा जाळीदार प्लास्टिक क्रेट घ्यावा, तळाशी गोणपाट, वर घट्ट झाकण, आणि निघावे पहाटे.

रानातले पिल्लू उचलून आणण्याची सूचना मात्र सरळ बेकायदा आहे. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, आणि पाळीव ससा ही जातच वेगळी.

– एक वाचक, रत्नागिरी