पत्रावरची खोटी वेळ

कचेरींतील संगणकावर ई-मेलचें पत्र आज लिहावें आणि तें उद्यां सकाळीं नऊ वाजतां आपोआप निघेल अशी योजना करून ठेवावी, ही चाल आतां सुशिक्षित मंडळींत रूढ झाली आहे. आउटलुकमध्यें ही सोय फार वर्षांपासून आहे. परंतु तिच्या कांहीं मांडणींत संगणक बंद केला कीं पत्र पेटींतच अडकून बसतें. जीमेलनें २०१९ सालीं हीच सोय दिली, तींत संगणक बंद असला तरी पत्र वेळेवर निघतें. तेव्हांपासून ह्या सोयीच्या गुणगानास सीमा उरलेली नाहीं.

हें गुणगान सर्वस्वीं पोकळ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. वरिष्ठानें रात्रीं अकरा वाजतां पत्र धाडावें आणि हाताखालच्या माणसानें अंथरुणांतून उठून उत्तर द्यावें, ह्या जुलमापेक्षां पत्र सकाळपर्यंत थांबविणें केव्हांही बरें. फ्रान्समध्यें कामाच्या वेळेबाहेर अशा निरोपांपासून अलिप्त राहण्याचा नोकरांचा हक्क २०१७ पासून कायद्यानें मान्य झाला आहे. आपल्या लोकसभेंतही सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं त्याच धर्तीचें खासगी विधेयक मांडलें होतें. दुसऱ्याची झोप राखावी ह्याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो असा कीं, त्याकरितां पत्राची वेळ खोटी करावी लागते काय?

कागदी पत्राला दोन साक्षीदार असत: माथ्यावर लिहिणाराच्या हातची तारीख आणि पाकिटावर टपालखात्याचा शिक्का. पत्र दोन दिवस खिशांत राहिलें, तर दोहोंतील अंतरच तें सांगून टाकी. विलंबानें सुटलेल्या ई-मेलवर वाचणारास बहुधा निघण्याची वेळ तेवढी दिसते, आणि तीच लिहिण्याची म्हणून खपून जाते. पुष्कळशा पेशवेकालीन पत्रांत साल नसल्यामुळें संशोधकांना किती शीण पडतो हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु तेथें साल नुसतें गाळलेलें असतें, येथें वेळ चुकीची घातलेली असते.

ह्या सोयीचा प्रसाद आम्हांसही मिळाला आहे. एका शनिवारीं सायंकाळीं आम्हीं एका तरुण सहकाऱ्यास, त्यानें उत्तरपत्रिका वेळेवर तपासून दिल्या नाहींत म्हणून, कडक शब्दांत पत्र लिहिलें. तें सोमवारीं सकाळीं नऊला निघावें असें ठरविलें आणि संगणक बंद करून घरीं गेलों. रविवारीं त्याचे वडील वारले. आम्ही सांत्वनास जाऊन आलों. पत्राची आठवण मात्र राहिली नाहीं. तें मागें घेतां आलें असतें, पण त्यालाही आठवण लागते. संगणकाला सुतक नसतें. नऊच्या ठोक्याला पत्र गेलें, आणि काल आपल्या दारीं येऊन बसलेला मनुष्य आज असें लिहितो, असें त्यास वाटलें. त्या पत्रांत 'शनिवार' हा एक शब्द असता, तर त्यानें आम्हांस विसराळू म्हटलें असतें. निर्दय म्हटलें नसतें.

ह्याहून मोठी हानि निराळीच आहे. रविवारच्या रात्रीं खपून लिहिलेलीं पत्रें सोमवारीं नऊला ताठ मानेनें निघूं लागलीं कीं, त्या कचेरीचें सारें काम कामाच्या वेळेंतच होतें असा देखावा उभा राहतो. कायद्यानें ज्या रात्रीचा हिशेब मागावयाचा, ती रात्रच सर्वांच्या दृष्टीआड होते. उलटपक्षीं, दुपारीं लिहिलेलें पत्र मध्यरात्रीं सोडवून आपल्या उद्योगाचा डौल मिरविणारेही आहेत. एकजण केलेले श्रम लपवितो, दुसरा न केलेले श्रम दाखवितो, साधन एकच.

उपाय सोपा आहे, व त्यास खर्च नाहीं. पत्र खुशाल उद्यां धाडा. परंतु आपले वाडवडील मिति घालीत त्याप्रमाणें माथ्यावर 'रविवार, रात्रीं ११ वाजतां लिहिलें. उत्तराची घाई नाहीं' एवढी ओळ घाला. वाचणाराची झोप मोडत नाहीं आणि लिहिणाराची रात्र बुडत नाहीं. जो ही ओळ घालण्यास कचरेल, त्यानें आपण सौजन्याकरितां थांबलों कीं लपण्याकरितां, हें आपल्याच मनाला विचारावें.