शपथ नको, गृहपाठ द्या!

आमच्या बेसा भागात दर चौकाला नवी स्कीम आणि दोन स्कीममागे एक शाळा. त्यातल्याच एका शाळेत मध्ये सोशल मीडियावर कार्यक्रम झाला. पाहुणे, स्लाइड्स आणि शेवटी शपथ: "पडताळल्याशिवाय मेसेज फॉरवर्ड करणार नाही." पडताळायचा कसा, ते कोणीच सांगितलं नाही. मग पोस्टर स्पर्धा, समोसा, सुट्टी!

हे म्हणजे पोराला पोहायला न शिकवता 'मी बुडणार नाही' अशी शपथ देणं झालं.

गंमत नाही ही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी 'मुलं पळवणारी टोळी' ठरले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने त्यांचा जीव घेतला. तशा टोळ्यांचे मेसेज आधीपासून व्हॉट्सॲपवर फिरतच होते. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ आठवतो? मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यातून पोर उचलतात. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कोणीतरी नेमका तेवढाच शेवट कापला.

सहावीतल्या पोराला एवढंच विचारायला शिकवा ना, की याच्या आधी काय होतं, नंतर काय? बग शोधताना आपण दुसरं काय करतो? लॉग अर्धवट आला तर आधी पूर्ण मागतो. व्हिडिओ थांबवून एक फ्रेम गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकायला पाच मिनिटं लागतात. केरळात कण्णूरच्या सरकारी शाळांमध्ये २०१८ मध्येच असे वर्ग झाले. आपण पोस्टर रंगवतोय.

अर्थात खरी गोची तंत्रात नाहीच. फॅमिली ग्रुपवर काकांनी काही टाकलं आणि पुतणीने "हे कुठून आलं?" विचारलं, की "फार शहाणी झालीस!" गाईडबाहेरचा प्रश्न विचारला की शाळाही हेच म्हणते. मग फॉरवर्ड आला की त्या पोरीने अचानक शंका घ्यायची म्हणे!

माझं म्हणणं साधं आहे. दर शुक्रवारी घरच्या ग्रुपवरचा एक मेसेज वहीत उतरवायचा. खरा की खोटा, आणि कशावरून, ते सोमवारी वर्गात सांगायचं. मार्क फक्त 'कशावरून'ला. पालकसभेत मी हे सुचवलं, तर "घरच्या गोष्टी शाळेत कशाला?" पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे. बेसा-पिपळ्याकडचं कोणी वाचत असेल तर या सोबतीला.