टेबलावरून उठवलेल्या बायका

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. गेल्या हिवाळ्यात नागपूरला भाचीच्या घरी मी दारू चाखली. दिघोरीत बाटली आडवी करा म्हणून दारोदार फिरलेली मीच ही.

ती होती पोर्ट वाइन, १९९४ सालची. भाची दोन वर्षं पोर्तुगालमध्ये नोकरीला होती, येताना तिने ती आणली. १९९४ म्हणजे आपल्या राज्याचं पहिलं महिला धोरण आलं ते साल. "मावशी, तुम्ही मोर्च्यात होता तेव्हा ही द्राक्षं वेलावर होती," असं म्हणून तिने मला बसवलं.

द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. आंबणं थांबतं, गोडी राहते. खास एका सालाची पोर्ट दोन-तीन वर्षांत बाटलीत भरली की पुढे बाटलीतच दशकं मुरते आणि तळाशी गाळ साचतो. म्हणून भाचीने बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती. मानेखाली विजेरी धरून ती हलक्या हाताने काचेच्या सुरईत ओतत गेली. गाळ मानेशी आला तशी थांबली. आपण वरचं निवळ पाणी काढून घेतो तसंच.

पहिला घोट नुसता झोंबला. यासाठी एवढा खटाटोप, असं वाटलं. अर्ध्या तासाने त्यातून जांभळासारखं काही वर आलं. दोन तासांनी सुकं अंजीर, लवंग आणि शेवटी एक वास, जो मला ओळखता येईना. मग एकदम आठवला. आजीच्या अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा!

त्या वासावरून पुढचा विचार सुरू झाला. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात द्राक्षं तोडायला बायका असायच्या, हौदात ती तुडवायला पुरुष. इंग्रज साहेबांच्या घरी जेवण आटोपलं की बायकांनी टेबलावरून उठून दुसऱ्या खोलीत जायचं अशी रीत होती. त्यानंतर पोर्टची सुरई पुरुषांत फिरायची. म्हणजे तीन-चार तासांत ही वाइन कशी उलगडते, हे कळायला लागणारा निवांत वेळच बायकांना नव्हता. चव कळते ती पुरुषाला, असं मग सहज म्हणता येतं. याच खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात आंतोनिया फेरेरा नावाच्या विधवेने पोर्टचा मोठा व्यवसाय सांभाळला, वाढवला. रीत तरी बदलली नाही.

आता आपल्याकडे या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन कोण असतं? बायका, पोरी. वाळवणं, राखणं, विकणं त्यांच्याकडेच. 'पहिल्या धारेची' हा शब्द पुरुष मिरवतात. पण धार कुठे तेज आहे, कुठे पाणचट होते, हे भट्टीपाशी बसलेली बाई नाकाने सांगते. तिच्या या जाणकारीला कोणी जाणकारी म्हणत नाही. कायद्याच्या लेखी ती गुन्हेगार. नुसती फुलं साठवण्यावर, नेण्यावरही निर्बंध होते. राज्य सरकारने ते २०२१मध्ये उठवले. जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरवलं, तेव्हा मात्र शेतकऱ्याचं भलं सांगितलं गेलं. विरोध झाला, ते राहिलं. पण द्राक्षवाल्याचं भलं सुचतं, मोहवालीचं सुचत नाही, हे दिसून आलंच. गोव्यात काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिला मान आहे, मोहाला धाड.

मी दारूची वकिली करत नाही. दारूपायी मार खाल्लेल्या बायकांबरोबर मी रात्री काढल्या आहेत. २००८च्या नियमाने गावातल्या बायकांना मतदानाने परवान्याचं दुकान बंद करता येतं, तो हक्क मी सोडणार नाही. पण आपण केलं काय? दुकान बंद करायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, अर्ज-फेऱ्या लागतात. मटकी फोडायला एक काठी पुरते. आम्हीही फोडली. ती एका एकट्या बाईची होती, लेकरं बघत उभी होती. दुकान दुसऱ्या दिवशीही उघडं होतं. शिवाय गोंडांच्या घरी देवाला मोहाची धार पडते, बायकाही घोट घेतात. त्यांना आपल्या सभेत खाली मान घालून बसावं लागतं, ही कुठली नीती? ही तर उच्चवर्णीय सोवळ्याची नीती, तीच आपण चळवळीच्या नावाने चालवली.

मी पोर्ट चाखली हे गटात सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "ताई, आता कोणत्या तोंडाने प्रचार कराल?" पुरुष कार्यकर्त्याला हे कोणी विचारलं नसतं. तो रात्री पिऊन सकाळी व्यसनमुक्तीवर बोलतो.

येत्या मोहाच्या हंगामाआधी मी गटापुढे ठराव ठेवणार आहे: परवान्याचं दुकान बंद होईपर्यंत कुठल्याही एकट्या बाईच्या भट्टीला आपण हात लावायचा नाही. भांडण होणार. गेल्या बैठकीत नुसतं सुचवलं, तर दोघी उठून गेल्या. त्यांचे नवरे त्याच भट्टीवर पिऊन येतात. त्यांना काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सापडलेलं नाही. तुमच्या गावात हा प्रश्न कसा हाताळलात, लिहून कळवा.